हजारांची पलटण, मैदानात २६२: बाकीचे गेले कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांची मुलगी मिनिआपोलिसला असते, उन्हाळ्यात ते तिकडे जाणार आहेत. त्यांनी अमेरिकन यादवी युद्धातल्या ‘फर्स्ट मिनेसोटा’ या स्वयंसेवक पलटणीवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलं की हजार जणांच्या या पलटणीतले २६२ जण २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गला शत्रूवर चालून गेले आणि त्यातले फक्त ४७ उभे राहिले. मग आधीचे सातशे-साडेसातशे जण मेलेच होते का? ८२ टक्के हानी हा आकडा खरा की फुगवलेला? आणि स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी हौशी लोक होते का?

तिन्ही प्रश्नांचं मूळ नफरीत, म्हणजे पलटणीतल्या माणसांच्या संख्येत आहे. मी पायदळात होतो आणि तरुणपणी बराच काळ ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचं कागदपत्र सांभाळणारा अधिकारी होतो. रोज सकाळी परेड स्टेट, म्हणजे हजेरीचा तक्ता तयार करून सीओ साहेबांपुढे (पलटणीच्या प्रमुखांपुढे) ठेवणं हे माझं काम. ते काम ज्याने केलंय त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कागदावरची नफरी, छावणीत हजर असलेली नफरी आणि हत्यार घेऊन फळीत उभी राहणारी नफरी हे तीन आकडे कधीच सारखे नसतात. कुणी रजेवर, कुणी इस्पितळात, कुणी कोर्सला, कुणी ब्रिगेडच्या ड्यूटीवर. निवृत्तीनंतर मी लष्करी इतिहास शिकवायला लागलो आणि या युद्धातले हजेरीपट वाचायला घेतले, तेव्हा पहिल्याच पानावर घरी आल्यासारखं वाटलं. रकान्यांची नावं वेगळी, भानगड तीच.

आधी एक खुलासा, कारण आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. आपण ‘मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट’ म्हणतो तेव्हा बेळगावचं केंद्र आणि त्याखालच्या अनेक बटालियन डोळ्यांपुढे असतात. १८६१ च्या अमेरिकेतली स्वयंसेवक रेजिमेंट म्हणजे साधारण एकच बटालियन: दहा कंपन्या, प्रत्येकी शंभराच्या आतबाहेर माणसं, वर कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर. म्हणून मी पुढे ‘पलटण’ असंच म्हणतो.

स्वयंसेवक म्हणजे बिनपगारी नव्हे. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. हे लोक कायमच्या सैन्यातले नव्हते, ठरावीक मुदतीसाठी भरती झाले होते आणि त्यांना उभं केलं होतं राज्याने. कायमचं सैन्य तेव्हा जेमतेम सोळा हजारांचं होतं आणि तेही पश्चिमेकडच्या सरहद्दीवर विखुरलेलं. त्यामुळे युद्ध लढायचं तर राज्यांनी माणसं द्यायची, असा मामला. पलटणीतल्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका राज्याचा गव्हर्नर करी आणि कंपनीचा कॅप्टन बहुतेक वेळा माणसांनीच मत देऊन निवडलेला असे. आपल्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. पण कॅप्टन तुमच्याच गावचा वकील किंवा छापखानेवाला असला, तर त्याचं ऐकायचं की नाही हे गावाने आधीच ठरवलेलं असतं.

मिनेसोटाची गंमत अशी, की राज्य होऊन तीन वर्षंही झाली नव्हती. १८६० च्या खानेसुमारीत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्याही आत. दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्याची, म्हणजे युद्ध सुरू झाल्याची बातमी आली तेव्हा गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसी योगायोगाने वॉशिंग्टनमध्ये होते. १४ एप्रिल १८६१ ला सकाळीच ते युद्धमंत्री सायमन कॅमेरॉन यांच्याकडे गेले आणि एक हजार माणसं देऊ केली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं पंचाहत्तर हजार स्वयंसेवकांचं आवाहन निघालं ते दुसऱ्या दिवशी. म्हणून माणसं देऊ करणारं पहिलं राज्य हा मान मिनेसोटाचा, आणि तिथले लोक तो आजही सोडत नाहीत.

२९ एप्रिलला फोर्ट स्नेलिंगमध्ये पलटणीची अधिकृत नोंद झाली. कंपन्यांची यादी म्हणजे नकाशावरची गावंच: ए आणि सी सेंट पॉलच्या, बी स्टिलवॉटरची, डी मिनिआपोलिसची, ई सेंट अँथनीची, एफ रेड विंगची, जी फॅरिबोची, एच हेस्टिंग्जची, आय वॅबशाची, के विनोनाची. जे नावाची कंपनी नसे; हाताने लिहिताना आय आणि जे एकसारखे दिसत, म्हणून ते अक्षर गाळायची पद्धत होती. हे गावनिहाय गट पुढे का महत्त्वाचे ठरतात ते उघड आहे. एका दुपारी एका कंपनीवर मार बसला, की एकाच गावातल्या वीस-पंचवीस घरांत एकदम पत्रं जात.

आता गळती. नोंद होताना मुदत तीन महिन्यांची होती. काही दिवसांतच वॉशिंग्टनहून कळवण्यात आलं की तीन महिने पुरणार नाहीत, तीन वर्षांसाठी सही करा. काहींनी केली, काहींनी नाही. शेतावर पेरणी टाकून आलेल्याला तीन महिने जमतात, तीन वर्षं जमतीलच असं नाही. सोडून गेले त्यांच्या जागी नवे घेतले गेले. म्हणजे लढाईचा आवाजसुद्धा ऐकण्याआधी पलटणीची यादी बदलली होती. यात पळपुटेपणा शोधू नये. करार बदलला, माणसाने नकार दिला, इतकंच.

२२ जूनला पलटण पूर्वेकडे निघाली आणि महिन्याने, २१ जुलै १८६१ ला, बुल रनच्या पहिल्या लढाईत हेन्री हाउस टेकडीवर रिकेट्सच्या तोफांशेजारी सापडली. त्या दिवशी दोन्हीकडचे गणवेश इतके सरमिसळ होते की समोरचा आपला की परका हे गोळी येईपर्यंत कळत नव्हतं. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १८० जण गेले. उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्या बाजूच्या सैन्याची त्या दिवशी अखेर पळापळ झाली, पण ही पलटण बऱ्यापैकी शिस्तीत मागे आली. पहिले कर्नल विलिस गोरमन आधी माणसांना नकोसे होते, कारण ते कवायतीवर फार जोर देत. त्या दिवसानंतर त्यांच्याबद्दलची कुरकुर कमी झाली म्हणतात, आणि त्यात मला काही नवल वाटत नाही.

पुढची गळती लढाईत दिसत नाही, म्हणून व्हिडिओतही दिसत नाही. १८६२ चा उन्हाळा पलटणीने व्हर्जिनियाच्या दलदलीत, रिचमंडच्या पुढ्यात काढला. विषमज्वर, हगवण, हिवताप. जंतूंमुळे रोग होतो हे तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. छावणीचं पाणी आणि छावणीचे संडास एकमेकांपासून किती लांब हवेत, हे अनुभवाने शिकावं लागत होतं. या युद्धात उत्तरेच्या बाजूने साडेतीन लाखांहून अधिक माणसं मेली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश रोगाने. जो मेला नाही पण उभा राहू शकत नाही, त्याला वैद्यकीय कारणाने कायमची रजा. तो जिवंत असतो, घरी असतो, पण पलटणीच्या नफरीतून गेलेला असतो.

तिसरी वाट बढतीची. अनुभवी माणसाला नव्या पलटणींमध्ये मागणी असते. इथला चांगला सार्जंट तिकडे लेफ्टनंट होतो. कर्नलांची यादीच पाहा: गोरमन गेले, डेना आले; डेना गेले, सली आले; तिघेही ब्रिगेडियर जनरल होऊन बाहेर पडले. मग मॉर्गन आणि १८६३ च्या वसंतात विल्यम कोल्व्हिल, जे मुळात रेड विंगच्या एफ कंपनीचे कॅप्टन, वकील आणि वर्तमानपत्राचे संपादक होते. चौथी वाट बदलीची: १८६२ च्या शरदात स्वयंसेवकांना कायमच्या सैन्यात जायची मुभा मिळाली आणि काही जण तिकडच्या तोफखान्यात, घोडदळात गेले. पाचवी वाट मला सर्वांत ओळखीची वाटते, तात्पुरती ड्यूटी. गाडीवान, इस्पितळातले मदतनीस, स्वयंपाकी, मुख्यालयाचे पहारेकरी. हे सगळे पगारपत्रकावर पलटणीचेच, पण गोळीबाराच्या वेळी दुसरीकडे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बेरीज-वजाबाकीने देता येतं. तीन वर्षांत या पलटणीचे १८७ जण लढाईत किंवा जखमांनी मेले आणि ९९ रोगाने. एकूण २८६. यातले बरेच तर गेटिसबर्गमध्येच गेले. म्हणजे त्या दुपारच्या आधी मेलेले दोनशेच्या आसपास असणार. उरलेले पाचशे-साडेपाचशे जण जिवंत होते, फक्त त्या फळीत नव्हते. याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. सगळ्या सैन्यात रोगाचे बळी लढाईच्या बळींच्या जवळपास दुप्पट होते, इथे ते प्रमाण बरोबर उलटं आहे. ही पलटण वारंवार आघाडीला लोटली गेली, याचा माझ्या लेखी यापेक्षा बोलका पुरावा नाही.

मग रिकाम्या जागा का भरल्या नाहीत? आपल्याकडे बटालियनची नफरी घटली की रेजिमेंटल सेंटरहून नवे जवान येतात. त्यांच्याकडे असं सेंटरच नव्हतं. गव्हर्नरला जुन्या पलटणीला दोनशे माणसं पाठवण्यापेक्षा नवी पलटण उभारण्यात जास्त रस असे, कारण नवी पलटण म्हणजे तीस-पस्तीस नव्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका, आणि नेमणुका म्हणजे राजकारणातल्या उसनवारीची परतफेड. भरती होणाऱ्यालाही आपल्या ओळखीच्यांबरोबर नव्या पलटणीत जायला आवडे. परिणाम असा की एकीकडे हजारभर कच्ची पोरं आणि दुसरीकडे अडीचशे मुरलेले जुने शिपाई, दोन्ही कागदावर ‘एक रेजिमेंट’. विस्कॉन्सिनने मात्र आपल्या जुन्या पलटणी भरत्या ठेवल्या, आणि जनरल शर्मन यांनी नंतर लिहून ठेवलं की विस्कॉन्सिनची एक पलटण आम्ही एखाद्या ब्रिगेडच्या बरोबरीची धरत असू. ॲडज्युटंट म्हणून माझं मत विचाराल तर या युद्धात उत्तरेने केलेल्या चुकांमध्ये ही सर्वांत महागडी. कुठल्या सेनापतीचं नाव तिला चिकटलेलं नाही, म्हणून तिच्यावर कुणी बोलत नाही.

१७ सप्टेंबर १८६२ ची अँटिएटमची लढाई मी भरभर ओलांडतो. जनरल सेजविक यांची डिव्हिजन (काही ब्रिगेड मिळून होणारी मोठी तुकडी) बाजू न सांभाळता वेस्ट वुड्समध्ये घुसली, तीन बाजूंनी मार खाल्ला आणि थोड्याच वेळात दोन हजारांहून अधिक माणसं गमावली. फर्स्ट मिनेसोटा त्या डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्ग झालं, तिथे त्या मानाने कमी लागलं.

गेटिसबर्गकडे जाताना २९ जूनला पलटणीने एका दिवसात तीस मैलांहून जास्त मजल मारली. वाटेत एक ओढा आला. वरून हुकूम होता की पाण्यातूनच चाला, रांग मोडू नका. कोल्व्हिल यांनी माणसांना ओंडक्यांवरून जाऊ दिलं. ओल्या बुटांनी वीस मैल चालल्यावर पायांचं काय होतं हे पायदळात असलेल्याला सांगावं लागत नाही. तर याबद्दल कर्नल साहेब अटकेत! तलवार नाही, हुकमत नाही, पलटणीच्या मागून चालायचं. २ जुलैला लढाईच्या तोंडावर त्यांना मोकळं केलं. स्वयंसेवक पलटणीतला अधिकारी आणि कायमच्या सैन्यातल्या रीतींत वाढलेलं मुख्यालय यांच्यात सतत काय कुरबुर चाले, ते या एका प्रसंगात सगळं येतं.

२ जुलैची दुपार. उत्तरेच्या फळीची डावी बाजू जनरल सिकल्स यांनी हुकूम नसताना अर्धा-पाऊण मैल पुढे नेली होती, ती संध्याकाळी मोडली. तिची माणसं मागे पळत येत होती आणि त्यांच्या मागोमाग दक्षिणेच्या जनरल विलकॉक्स यांची अलाबामाची ब्रिगेड, पाच पलटणींची. सेमेटरी रिज या उत्तरेच्या फळीच्या टेकाडावर त्या जागी मोठी फट पडली होती. सेकंड कोअरचे (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांचा गट) जनरल हॅनकॉक मदत शोधत तिथे आले तेव्हा एका तोफखान्याच्या संरक्षणाला उभी असलेली ही एकच छोटी फळी त्यांना दिसली. एवढीच माणसं आहेत का, असं ते उद्गारले, ही कोणती पलटण म्हणून विचारलं, आणि समोरच्या निशाणाकडे बोट दाखवून ते घ्या म्हणाले.

पलटण उतारावरून धावत निघाली. वाटेत थांबून गोळीबार करायचा नाही, कारण त्या बंदुका नळीच्या तोंडातून भरायच्या. उघड्यावर उभं राहून भरत बसलं तर तिथेच कापले जाल. खाली प्लम रनच्या कोरड्या ओढ्यापर्यंत धावत जायचं, संगिनी पुढे. अलाबामाची पहिली ओळ ओढा ओलांडताना विस्कळीत झाली होती, ती समोरून असा लोंढा येताना पाहून मागे सरली. मग मिनेसोटावाल्यांनी ओढ्याच्या काठाचा आडोसा घेतला आणि तीन बाजूंनी गोळ्या खात तिथे टिकून राहिले. निशाण पाच वेळा पडलं आणि पाच वेळा कुणीतरी उचललं. कोल्व्हिल, लेफ्टनंट कर्नल ॲडम्स, मेजर डाउनी हे तिघेही वरिष्ठ जबर जखमी झाले. हुकमत कॅप्टन नेथन मेसिक यांच्याकडे आली.

आता ८२ टक्के. २६२ मधून ४७ वजा केले की २१५ येतात, आणि २१५ म्हणजे २६२ चे ८२ टक्के. हे आकडे पलटणीतल्याच माणसांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीतून आले, आणि १८९७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर कोरले गेले. माझी शंका अशी आहे की हे २१५ मोजलेले नाहीत, वजाबाकीने आलेले आहेत.

शंकेला आधार आहे. सरकारी अहवालात पलटणीची गेटिसबर्गची सगळी हानी दिली आहे: ५० मृत, १७३ जखमी, १ बेपत्ता, म्हणजे २२४. ही दोन्ही दिवसांची बेरीज. स्मारक स्वतःच सांगतं की दुसऱ्या दिवशी आणखी १७ पडले. २२४ मधून १७ गेले की २०७ उरतात, २१५ नाहीत. शिवाय त्या धावेत सगळी पलटण नव्हतीच. सी कंपनी डिव्हिजनच्या मुख्यालयाच्या पहाऱ्यावर होती, एफ कंपनी डावीकडे टेहळणीच्या विरळ फळीत पाठवली होती आणि पलटणीला जोडलेली नेमबाजांची एल कंपनी दुसऱ्या तोफखान्यापाशी होती. म्हणजे धावल्या त्या आठ कंपन्या, सरासरी कंपनीमागे तेहतीस माणसं. बाहेर असलेल्या कंपन्यांचे काही जखमी त्या २२४ मध्ये धरलेले असतील तर धावेची हानी आणखी खाली येते.

आणि ४७ म्हणजे ‘वाचलेले’ असं समजू नका. संध्याकाळी मेसिक यांच्याभोवती जी फळी पुन्हा लागली तिच्यात एवढे होते. जखमी मित्राला पाठीवर घेऊन मागे गेलेला, धुरात वाट चुकून शेजारच्या पलटणीत घुसलेला, हे रात्री उशिरा परततात. सकाळच्या परेड स्टेटमध्ये असा माणूस ‘गैरहजर’ आणि दुपारच्या स्टेटमध्ये ‘हजर’ दिसतो. कुठलं स्टेट तुमच्या हाती लागलं त्यावर टक्केवारी ठरते. नशिबाने या युद्धात दर दोन महिन्यांनी पगारासाठी हजेरी घेत आणि त्यातली एक ३० जून १८६३ ची, म्हणजे लढाईच्या दोनच दिवस आधीची. त्या हजेरीपटावरची नावं आणि नंतरच्या नोंदी एकेक करून जुळवणाऱ्या अलीकडच्या अभ्यासकांनी हानी दोन तृतीयांशाच्या आसपास आणली आहे. मला तो आकडा जास्त विश्वासार्ह वाटतो.

पण म्हणून स्मारक खोटं ठरत नाही. गेटिसबर्गमध्ये उत्तरेच्या एकूण सैन्याची हानी साधारण चौथा हिस्सा होती, आणि ती या युद्धातली भयंकर लढाई मानली जाते. तीस टक्के गेल्यावर बहुतेक पलटणी लढण्याच्या कामाच्या राहत नाहीत. त्या मानाने दोन तृतीयांश, तेही पाव तासाच्या आतबाहेर! फक्त ‘इतिहासातली सर्वाधिक हानी’ वगैरे भाषा टाळावी. त्याच मैदानावर आदल्या दिवशी दक्षिणेच्या सव्विसाव्या नॉर्थ कॅरोलायनाने आठशेच्या आसपास माणसांतली साडेपाचशेहून अधिक गमावली होती. तीही स्वयंसेवकांचीच पलटण.

व्हिडिओत ‘या एका पलटणीने देश वाचवला’ असंही म्हटलं असेल, बहुतेक ठिकाणी म्हणतात. तिथे मी थोडा आखडता हात घेतो. त्याच वेळी डावीकडे विलर्ड यांच्या न्यूयॉर्कच्या ब्रिगेडने दुसरा हल्ला परतवला होता, तोफा चालू होत्या आणि विलकॉक्स यांची माणसं लांबून लढत आलेली, दमलेली होती. विलकॉक्स यांनी मागे मदत मागितली आणि ती आली नाही, हे त्यांच्याच अहवालात आहे. हॅनकॉक यांचा हिशोब नंतर त्यांनी स्वतः सांगितला: मदतीची फौज धावत येत होती, मला पाच मिनिटं हवी होती, एकूण एक माणूस मरणार हे माहीत असतं तरी मी हाच हुकूम दिला असता. हुकूम कठोर होता आणि माझ्या मते बरोबर होता. पण हे विधान मी आरामखुर्चीत बसून करतोय, हेही लक्षात घ्या. पाच मिनिटं मिळाली, फट बुजली. त्या कामाचं मोल एवढंच आणि ते पुष्कळ आहे.

दुसऱ्या दिवशी, ३ जुलैला, एफ कंपनी परत आल्यावर उरलेल्या पलटणीला पुन्हा मधल्या फळीत उभं केलं आणि दक्षिणेच्या जनरल पिकेट यांची प्रसिद्ध चाल नेमकी तिथेच आली. मेसिक मारले गेले, कॅप्टन हेन्री कोट्स यांनी हुकमत घेतली. सी कंपनीचा शिपाई मार्शल शर्मन याने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनियाचं निशाण हिसकावलं. त्याला आणि पलटणीचं निशाण घेऊन पुढे धावलेल्या कॉर्पोरल हेन्री ओब्रायन याला पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. ते हिसकावलेलं निशाण मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. व्हर्जिनियाने ते परत मागितलं, मिनेसोटाने दिलं नाही, आणि त्यावरून अजूनही अधूनमधून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांची टोलवाटोलवी चालते.

थोडक्यात, कुठल्याही स्वयंसेवक पलटणीचा आकडा दिसला की विचारायचं: हा आकडा कागदावरचा, छावणीतला की फळीतला? कोणत्या तारखेचा? कोणत्या कंपन्या धरून? हानीत मेलेलेच की जखमी-बेपत्ताही? ही उत्तरं मिळाली की निम्मे वाद आपोआप मिटतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हजेरीपट उघडावे लागतात.

गेटिसबर्गनंतर पलटण न्यूयॉर्कला गेली. तिथे सक्तीच्या भरतीविरुद्ध जुलैत दंगली झाल्या होत्या आणि शांतता राखायला मुरलेले शिपाई हवे होते. ऑक्टोबरात ब्रिस्टो स्टेशनला ती पुन्हा लढली. १८६४ च्या सुरुवातीला मुदत संपत आली तेव्हा सरकारने जुन्या शिपायांपुढे देकार ठेवला: पुन्हा सही करा, चारशे डॉलर आणि महिनाभर सुट्टी. पलटणीतल्या तीन चतुर्थांश माणसांनी सही केली तर पलटणीचं नाव टिकणार. इथे तेवढ्या सह्या झाल्या नाहीत. तीन वर्षं आणि गेटिसबर्ग झाल्यावर कुणी सही केली नाही म्हणून त्याला बोल लावायची माझी तरी हिंमत नाही. २९ एप्रिल १८६४ च्या सुमारास, बरोबर तीन वर्षांनी, ज्या फोर्ट स्नेलिंगमध्ये नावं लिहिली गेली होती तिथेच ती खोडली गेली. ज्यांनी सह्या केल्या त्यांची दोन कंपन्यांची ‘फर्स्ट बटालियन’ झाली, तिच्यात नवी भरती मिळवली आणि ती पीटर्सबर्गमार्गे थेट ॲपोमॅटॉक्सपर्यंत, म्हणजे जनरल ली यांच्या शरणागतीपर्यंत गेली.

तुम्ही जाणारच आहात तर फोर्ट स्नेलिंग बघा, मुलीच्या घरापासून फार लांब नसणार. पण तिथे फक्त या पलटणीची गोष्ट शोधू नका. गुलामगिरीतून सुटण्यासाठी लढलेल्या ज्या ड्रेड स्कॉट यांच्या खटल्याने १८५७ मध्ये देश पेटवला, ते गुलाम म्हणून याच किल्ल्यात राहिले होते. आणि ही पलटण पूर्वेला लढत असताना १८६२ मध्ये मिनेसोटात डाकोटा या तिथल्या मूळ रहिवाशांशी युद्ध झालं, मॅनकेटोला एका दिवशी ३८ जणांना फाशी दिलं, आणि त्या हिवाळ्यात सोळाशेच्या आसपास डाकोटा लोकांना, त्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, याच किल्ल्याखाली कोंडून ठेवलं. गव्हर्नर तेच, रॅमसी. पहिली हजार माणसं देऊ करणाऱ्याचं नाव दोन्ही पानांवर आहे.

सेंट पॉलच्या राज्य विधानभवनाच्या घुमटाखाली पलटणीची निशाणं ठेवलेली आहेत. गेटिसबर्गला जमलं तर हॅनकॉक ॲव्हेन्यूवर धावत्या शिपायाचा पुतळा असलेलं स्मारक आहे. तिथे फक्त फोटो काढून परतू नका. स्मारकाकडे पाठ करून पश्चिमेला उताराखाली प्लम रनपर्यंत चालत जा आणि तिथून वर बघा. किती अंतर उघड्यावर धावावं लागलं आणि आडोसा किती तोकडा होता ते नकाशावर कळत नाही.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे विचाराल म्हणून: ही पलटण आज आहे का? मिनेसोटा नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याची १३५ वी इन्फंट्री आपली वंशावळ हिच्यापासून सांगते आणि तिची एक बटालियन आजही कामावर आहे. तिची नफरी किती, हे मात्र तिच्या ॲडज्युटंटलाच विचारा, आणि विचारताना तीनपैकी कोणती हवी ते आधी सांगा.